उलट्या रेषेचे काका

हैदराबादच्या काचीगुड्यात नळाला पाणी किती वाजता येईल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. काका दाढीला किती वाजता बसतात हे मात्र गल्लीतली कुत्रीही सांगतील. ‘बसतात’ हा शब्द मी जपून वापरला आहे. तुम्ही-आम्ही दाढी उरकतो. काका सत्यनारायणाला बसावं तसे दाढीला बसतात. पाट मांडलेला, तांब्यात कढत पाणी, वाटीत साबण, बाजूला तुरटीचा खडा. समोर आरसा. त्याची सागवानी चौकट काकांनीच केली आहे, आणि ती काटकोनात नाही हे चार वर्षांपूर्वी लक्षात आलं. तेव्हापासून काका मान जरा डावीकडे कलती ठेवून दाढी करतात. आता चालतातही तसेच.

हा नमुना एकटा नाही. सुलतान बाजारापासून बरकतपुऱ्यापर्यंत मराठी घरं हुडकलीत तर दर दोन गल्ल्यांमागे एक सापडेल. आजोबा कधीतरी मराठवाड्यातून निजामाच्या चाकरीला आलेले, शिक्षण विवेकवर्धिनीत, नोकरी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये. निवृत्त माणसाचं ऑफिस म्हणजे त्याचं माहेर. अधूनमधून जाऊन चहा पिऊन यावं. १ एप्रिल २०१७ला ती बँक मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली आणि काकांचं माहेर तुटलं. ‘१९४१ची बँक, एका रात्रीत!’ असं ते आठवडाभर म्हणत राहिले. त्याच उन्हाळ्यात शेजारचं जुनं घर अपार्टमेंटसाठी पाडलं. काकांनी त्याचं एक सागवानी दार उचलून आणलं. ते ठेवायला जागा करताना वडिलांची ट्रंक उघडली, तर आत पितळी सेफ्टी रेझर. सुतारकाम आणि दाढी, दोन्ही दुखणी एकाच दिवशी जडली.

येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, काकांना दोन छंद आहेत. काकींना माहीत आहे की दुखणं एकच आहे, फक्त ते दोन खोल्यांत पसरलंय. रेझरला स्टँड हवा म्हणून रंधा आला. रंध्याच्या पात्याला धार हवी म्हणून दगड आला. धार लागली की नाही हे सुतार हातावरचे केस भादरून बघतात. काकांनीही बघायला सुरुवात केली. डावा हात आता कोपरापर्यंत तुळतुळीत आहे. पटाशी डाव्या हातात धरता येत नाही, म्हणून उजवा वाचला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थ हळहळून विचारतात, ‘भाजलं का हो?’

एवढी धार लावायची आणि ती फक्त लाकडाला दाखवायची, हे काकांना उधळपट्टीचं वाटलं. गुरुवारी जुमेरात बाजारात गेले आणि गंजका वस्तरा घेऊन आले. वस्तरा आणि पटाशी एकाच चामड्यावर घासली जातात. हे चामडं म्हणजे बँकेत तीस-पस्तीस वर्षं काकांची पँट सांभाळलेला पट्टा. तो आता दाराच्या कडीला टांगलेला असतो, आणि पँट काका स्वतः सांभाळतात.

‘१९०३ साली जिलेटनं पहिल्या वर्षात रेझर विकले ५१ आणि पाती १६८,’ काका सांगतात. सूर असा, की ती कर्जाची फाइल यांनीच मंजूर केली होती. ‘म्हणजे काय? धंदा मुठीत नाही, पात्यात आहे!’

‘आणि तुम्ही मुठीच करत बसलात,’ काकी स्वयंपाकघरातून.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं: रेषा. लाकडाला रेषा असते तशी दाढीलाही. गालावर ती सरळ खाली येते, हनुवटीखाली वळते, गळ्यावर बेभरवशाची होते. उलट्या रेषेनं रंधा मारला की लाकूड उचकटतं, उलट्या रेषेनं पातं चाललं की कातडी. म्हणून पहिला हात रेषेनं, दुसरा आडवा, आणि उलटा मारायचाच तर ‘हल्लू’. (आपला ‘हळू’ दख्खनीनं उसना नेला आणि एका ‘ल’च्या व्याजासकट परत केला, हेही काकांचंच.) हे ऐकताना त्यांच्या गळ्यावर तुरटीनं थांबवलेल्या दोन-तीन जागा दिसतात. त्याबद्दल विचारायचं नसतं.

खरी पंचाईत पाण्याची. केस भिजला की मऊ होतो, लाकूड भिजलं की फुगतं. आणि काकांना ओला ब्रश लाकडी स्टँडमध्येच ठेवायचा असतो. पहिला स्टँड पावसाळ्यात असा फुगला की ब्रश आतच राहिला. दुसऱ्याला लाखेचं पॉलिश दिलं, ते ओलाव्यानं पांढरं पडलं. तिसऱ्याबद्दल घरात बोलत नाहीत. चौथ्याबरोबर ब्रशला नवी मूठही झाली. करायची होती नाशपातीसारखी, झाली काचीगुडा स्टेशनच्या घुमटासारखी. ‘१९१६चं बांधकाम आहे, अजून उभंय,’ काका म्हणाले. ‘प्लास्टिकचा स्टँड कोपऱ्यावर मिळतो, खाली परेशान होता,’ काकी म्हणाल्या. दोन दिवस अबोला.

परवा मुलगा आला. यशवंतपूरहून वंदे भारत रात्री काचीगुड्याला लागते. काका तासभर आधीच प्लॅटफॉर्मवर, खिशात त्याच्यासाठी केलेली शिसवी मूठ. मुलगा उतरला. छातीपर्यंत दाढी.

काका घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर गॅलरीचं दार लावून घेतलं आणि रात्री उशिरापर्यंत करवतीचा आवाज येत राहिला. सकाळी त्या मुठीच्या जागी एक शिसवी फणी होती, खास दाढीसाठी. दात उभ्या रेषेनं कापलेले, आडव्या रेषेनं कापले तर मोडतात म्हणून. मुलानं ती कौतुकानं घेतली, दाढीतून एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, आणि एक दात आतच राहिला.

काकांनी चष्मा चढवला, मुलाची दाढी धरून त्याला खिडकीशी नेलं आणि बराच वेळ उजेडात निरखून पाहिलं.

‘फणीत खोट नाही,’ ते म्हणाले. ‘तुझ्या हनुवटीची रेषाच उलटी आहे.’