मार्कंड्याला मांजर आडवी गेली

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची गावं दोन आहेत. एक मार्कंडा देव, दुसरं मार्कंडा कंसोबा. मूलच्या बसस्थानकावर कंडक्टरने "कोणतं?" म्हणून विचारलं, तेव्हा सौभाग्यवतीने "मावशीचं" असं उत्तर दिलं आणि त्याला ते पुरलं. महाशिवरात्रीचा आठवडा होता. त्या गाडीतल्या प्रत्येकाची मावशी देवाच्याच मार्कंड्यात राहत होती.

हरणघाटाशी वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर संपून गडचिरोली लागतो. 1982 साली जिल्हे वेगळे झाले, जंगल मात्र कुणी वाटून घेतलं नाही, आणि वाघांना तर ही विभागणी कळवलेलीच दिसत नाही. एरवी दक्षिणेकडे धावणारी ही नदी मार्कंड्यापाशी वळण घेऊन उत्तरेकडे तोंड करते, म्हणून इथलं स्नान पुण्याचं. काठावरच्या देवळांचं कोरीव काम पाहून पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमला 1870 च्या दशकात खजुराहो आठवलं होतं. मला खजुराहोचं भाडं परवडत नव्हतं आणि मार्कंड्यात सासुरवाड होती.

यात्रेच्या आठवड्यात मावशींच्या घरी माणसं मोजत नाहीत, ताटं मोजतात. तरी "जावईबापूंना आतली खोली" हे फोनवर पक्कं झालं होतं. आतल्या खोलीला पंखा होता, गादी होती आणि दाराला कडी होती. यात्रेत एवढा थाट फक्त देवाचा. पोचलो तर मावशी त्या कडीवर हात ठेवून उभ्या.

"हळू बोला जी. आत बाळंतीण आहे."

मी चपला हातात घेतल्या आणि नात्यातली कोण असावी ते आठवू लागलो. सौ.ने रीतीप्रमाणे विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"चार," मावशी म्हणाल्या.

गादीच्या मधोमध, माझ्यासाठी काढलेल्या नव्या चादरीवर, एक करडी मांजर आडवी झाली होती. पोटाशी चार पिल्लं. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, एकेकाचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चौघं मिळून अर्धा किलो भरली नसती, पण खोलीचा ताबा पुरता होता. मांजरीने माझ्याकडे, विश्रामगृहाचा खानसामा आरक्षण नसलेल्या माणसाकडे पाहतो तसं पाहिलं आणि पुन्हा चाटायला लागली.

"दुसरीकडं हलवता नाही का येणार?" मी.

"हलवून कसं चालंन? हात लावला का उचलून नेते. मांजर पिल्लाले सात घरं दाखवते."

हे आपल्याकडे सर्वांना माहीत असतं आणि त्यात तथ्यही आहे. बोक्याची भीती, जागेला लागलेला वास, माणसांचा गलका, यांतलं काहीही मांजरीला घर बदलायला पुरतं. यात्रेच्या घरात गलक्याला काय तोटा! आम्ही छपरीत अंथरूण टाकलं.

मध्यरात्री ती आमच्या उशाशेजारून गेली. तोंडात पिल्लू. मानेची कातडी धरली की पिल्लू हातपाय पोटाशी घेऊन गप्प लोंबकळतं. एसटीत खिडकीची जागा मिळालेला माणूसही इतका निश्चिंत नसतो. चार खेपा झाल्या. बाळंतीण धानाच्या पोत्यांमागे गेली. मावशींनी आम्हाला उठवलं, "चला जी, खोली रिकामी झाली." आम्ही गादीवर पडतो न पडतो तोच ती परत आली, तोंडात पहिलं पिल्लू. पोत्यांमागे उंदीर असावेत, किंवा पंखा नसावा. आम्ही पुन्हा छपरीत. मग ती चुलीजवळ गेली, तेव्हा चुलीजवळची आत्याबाई आतल्या खोलीत आणि आम्ही माजघरात. मग मावसाजींच्या ट्रंकेमागे. तिचं एक बिऱ्हाड हललं की माणसांची तीन हलत. सकाळपर्यंत मी त्या घराचा इतका कानाकोपरा पाहिला की कनिंगहॅमसारखा अहवाल लिहू शकलो असतो.

मावसाजींची सारी नोकरी फॉरेस्टात गेलेली. ते म्हणाले, "वाघीणही हेच करते जी. बच्चे आंधळेच होतात, किलोभराचे. जागा बिघडली का तोंडात धरून नेते. पण तिचा मुक्काम हलला का नाही, हे पाहाले आपण जात नाही." ताडोब्याच्या जिप्सीत लोक भल्या पहाटे कुडकुडत बसतात ते याच कुटुंबाचं दर्शन व्हावं म्हणून. मला ते फुकटात, अंथरुणावर, नको म्हणत असताना होत होतं.

शिवरात्रीच्या सकाळी माझी बॅग उघडली तर आत पाच जणं. धुतलेलं धोतर खाली, बाळंतीण वर. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चेन तशीच उघडी सोडली आणि मावसाजींच्या धोतरात दर्शनाला निघालो. मावसाजी सहा फुटी आहेत. वैनगंगेच्या वाळूतून चालताना माझ्यामागून निम्मी यात्रा त्या धोतरावरून चालत होती.

देवळांबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत, आणि रांगेमुळे मी पाहिलं त्यापेक्षा ढकलला जास्त गेलो. पण एक गोष्ट इथेच पाहायला मिळते. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय, त्याला न्यायला आलेला यम, आणि पिंडीतून प्रकटलेला शंकर अशी ती कथा. आणि या आवारात मार्कंडेयाचं देऊळ आहे, त्याच्या वडिलांचं, मृकंडू ऋषींचंही आहे, आणि यमधर्माचंही आहे. खटल्यातले सगळे पक्षकार एका कुंपणात नांदतात. 

रांगेत मावसाजींना वेळ होता. म्हणाले, "दक्षिणेत वैष्णवांचे दोन पंथ यावरच भांडले. एक म्हणे मर्कटन्याय: माकडाचं पिल्लू आईले घट्ट धरते, तसं भक्तानं देवाले धरावं. दुसरा म्हणे मार्जारन्याय: मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच उचलते. आता आपला मार्कंडेय कोणता, सांगा."

"पिंडीला मिठी मारली, म्हणजे माकडाचा."

"हां. आणि तुमी?"

मी रात्रभराच्या बदल्या आठवल्या आणि गप्प राहिलो.

घरी सगळ्यांना उपास. साबुदाणा, शिंगाडा, रताळी. बाळंतिणीला मात्र मागच्या दाराने मासोळी आली. आणणारी बंगाली काकू होती. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवलं, त्यांतली. शिवरात्रीला मासोळी म्हणून मी भुवया उंचावल्या, तर तिने मलाच सुनावलं. लेकरांची राखण करणारी षष्ठी देवी, तिचं वाहन मांजर. तिकडे कथा आहे की धाकटी सून चोरून खायची आणि नाव मांजरीवर घालायची. मग मांजरीने तिची पोरंच उचलून देवीकडे नेऊन ठेवली. आपल्याकडे सहाव्या रात्री कपाळावर लिहिणारी सटवाई तीच. काकू जाताना माझ्या बॅगेला हात जोडून गेली. आमच्या सामानाला एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता.

सौ. तोवर मोबाइलवर वाचून बालसंगोपनात तयार झाली होती. पिल्लांना गाईचं दूध द्यायचं नाही, ते पचत नाही. आईने चाटल्याशिवाय त्यांना शू-शीसुद्धा होत नाही. प्रत्येकाचा आचळ ठरलेला असतो आणि दुसऱ्याने तोंड घातलं की मारामारी. हे ती मला बॅगेशी बसून सांगे, मी परक्या धोतरात ऐके.

त्या रात्री गारठा होता. पहाटेच्या स्थलांतरात एक पिल्लू उंबऱ्याशी गळून पडलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सापडलं तेव्हा गार होतं. मावशींनी ते पदरात, पोटाशी धरलं आणि चुलीसमोर बसून राहिल्या. कुणी बोलत नव्हतं. मावसाजींनी तर पहाटेचा चहाही मागितला नाही. बऱ्याच वेळाने पदरातून दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज आला. मावशी ओरडल्या, "परत आलं!" आणि घरभर झोपलेले उपाशी पाहुणे उठून बसले.

त्याचं नाव मार्कंड्या ठेवणं ओघानेच आलं. जो काळाकुट्ट भाऊ सर्वांना तुडवून दूध पीत होता तो यमाजी. मी एवढंच म्हणालो की मार्कंड्या पांढरा, काळा आणि तांबडा असा तीन रंगांचा आहे. अशी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, तांबड्या-काळ्याचा हिशेब क्ष गुणसूत्रावर असतो.

"यात्रेच्या दिवशी, देवाच्या गावात नाव ठेवलं," मावसाजी म्हणाले. "आता गुणसूत्र मधी आणू नका."

जावयाने सासुरवाडीत विज्ञानाचा फार आग्रह धरू नये. आम्ही बॅग तिथेच सोडून, कपडे पिशवीत घालून परतलो.

पिल्लांचे डोळे उघडल्याचं, ते सुरुवातीला सगळ्यांचेच निळे असल्याचं, यमाजीने दुधाचं पातेलं पाडल्याचं फोनवर कळत गेलं. मग पावसाळा आला, धानाची रोवणी आली, फोन कमी झाले. परवा अचानक मावशींचा आवाज, मागून मावसाजींचं खाकरणं.

"जावईबापू, तुमचा मार्कंड्या बाळंत झाला जी. तीन आहेत."