पीडीएफ पाठव ना

पुस्तक काढायचं तर मराठी लेखकापुढे पूर्वी दोन वाटा होत्या. प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवायच्या, नाहीतर प्रॉव्हिडंट फंडाला हात घालायचा. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी ई-पुस्तकं येऊ लागली आणि तिसरी वाट निघाली. फाइल आपणच चढवायची. प्रकाशकच नाही, तेव्हा ‘साभार परत’ नाही. खप झाला नाही तर शिव्या कुणाला घालायच्या, एवढी एक गैरसोय राहिली.

माझे लेख युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टात टाइप केलेले. रूपांतर करून पाहिलं, तर जोडाक्षरांनी एकमेकांचे हात सोडलेले आणि रफार शेजारच्या शब्दात राहायला गेलेले. ते निस्तरण्यात पावसाळा गेला. मग मुखपृष्ठ. २५६० बाय १६०० पिक्सेल हवं, असं भाच्यानं सांगितलं आणि करूनही दिलं. दुकानाच्या यादीत ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं, त्यात माझं नाव तर मुंगीसारखं.

पण खरी गंमत कराच्या फॉर्मची. किंडलची कंपनी अमेरिकन, तेव्हा सांगलीत बसून, आमटीला फोडणी पडत असताना, मी अमेरिकेच्या सरकारसाठी लिहून दिलं की मी अमेरिकेचा नागरिक नाही. तिथल्या विक्रीच्या मानधनावर ३० टक्के कर कापतात. दोन्ही देशांच्या करारामुळे आपल्याला १५. दोन सरकारांनी माझ्या मानधनाचा इतका आधीपासून विचार करून ठेवलाय, हे वाचून ऊर भरून आला. पुढे सात चौकटी होत्या, वाचक कोणते शब्द टाकून पुस्तक शोधतील ते लिहायला. बायको मागून म्हणाली, “पण तुम्हाला शोधतंय कोण?”

रात्री बटण दाबलं. सकाळी आत्याचा फोन. “प्रकाशन कधी?”

“झालं की, काल रात्री.”

“नारळ नाही, पाहुणे नाहीत, आणि झालं म्हणे!”

तेव्हा हॉल घेतला. निवृत्त मुख्याध्यापक पाहुणे म्हणून आले. भाच्याचा टॅबलेट सोनेरी कागदात गुंडाळून लाल रिबीन बांधली. पाहुण्यांनी रिबीन सोडली, कागद नीट घडी करून खिशात ठेवला (जुनी सवय), टॅबलेट उंच धरला. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि पिन मागू लागला. पिन भाच्याला ठाऊक, भाचा बटाटेवडे आणायला गेलेला. टाळ्या मात्र पडल्या. पाहुणे वीस मिनिटं बोलले, सगळं काळ्या पडद्याकडे बघत. छापील पुस्तकांवरही ते न वाचताच बोलतात, त्यामुळे फारसा फरक जाणवला नाही.

किंमत ९९ रुपये. वड्याच्या दोन प्लेटा खाऊन निघताना प्रत्येक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पीडीएफ पाठव ना.” नव्वद दिवस ई-पुस्तक किंडलखेरीज दुसरीकडे कुठेही विकायचं नाही असं कबूल केलं, की त्यातले पाच दिवस ते फुकट वाटता येतं. वाटलं. मेव्हण्यांनी सहाव्या दिवशी विचारलं. लेखकाच्या नातलगांनी परीक्षण लिहायचं नाही, असाही तिथला नियम आहे. मराठीत तो सरसकट लागू झाला तर आपल्या समीक्षेचं काय होईल, या विचारानं झोप उडाली.

उरलेली झोप आलेखानं उडवली. किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत वाचकांनी पानं किती वाचली, ते लेखकाला रोज दिसतं. छापील प्रत भेट दिली की माणूस “छान आहे हो” म्हणायचा आणि विषय संपायचा. इथे रोज रात्री कुणीतरी थोडी थोडी पानं वाचत होतं आणि एक दिवस थांबलं. नाव दिसत नाही. मी बेरीज केली. वाचक तिसऱ्या प्रकरणाशी थांबला होता. ‘आत्याची पथ्यं’. हे प्रकरण रटाळ असणार. ई-पुस्तक केव्हाही बदलता येतं, म्हणून ते काढून नवी फाइल चढवली.

आठवड्यानं आत्याचा फोन. “अरे, माझं प्रकरण कुठे गेलं? नातवाच्या नव्या फोनवर पुन्हा उतरवून घेतलं, सगळ्या भिशीला दाखवायला, तर नाहीच!”

“म्हणजे ते तू वाचत होतीस? मग पुढचं का नाही वाचलंस?”

“पुढे मी कुठे आहे? ते आधी परत घाल. बाकीचं काढलंस तरी चालेल.”