मेडनहेडच्या भावी वादींस अनावृत पत्र

मुक्काम मेडनहेड, परगणा बर्कशायर

चिरंजीव बालकहो,

पत्रास कारण की, थेम्सकाठच्या या नगरीत ज्यांच्या वयास नुकतेच सहा महिने पूर्ण झाले आहेत, ज्यांस उंच खुर्चीत पट्ट्याने जखडून गळ्यात लाळेरे बांधण्यात आले आहे, आणि ज्यांच्या मुखासमोर रताळ्याच्या लगद्याचा अगर तांदळाच्या खिमटाचा पहिला चमचा येऊन ठेपला आहे, अशा तुम्हां सर्वांस तुमच्या कायदेशीर कर्तव्यांची समज वेळीच द्यावयास हवी. आणि ही उठाठेव माझ्यासारख्या रिकाम्या आजोबाखेरीज दुसरे कोण करणार? उष्टावणास जमलेली मंडळी तुम्हांस चांदीची वाटी देतील. पावत्यांची चोपडी कोणी देणार नाही, आणि पुढेमागे दावा लावण्याची पाळी आली तर उपयोगी पडेल ती चोपडीच.

दावा कशाबद्दल, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने, राजा कृष्णमूर्ती यांच्या अध्यक्षतेखाली, 4 फेब्रुवारी 2021 रोजी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात नामांकित बालान्न कंपन्यांच्याच दप्तरांतून असे बाहेर आले की, त्यांच्या मालात सोमल (म्हणजे आर्सेनिक), शिसे, कॅडमियम आणि पारा हे चारही धातू हजर आहेत. त्यांपैकी हेन सेलेस्टियल कंपनीने 2019 सालीच सरकारी अन्न व औषध प्रशासनापुढे मांडले होते की, तयार मालातील असेंद्रिय सोमल हा घटकद्रव्यांच्या तपासणीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा 28 ते 93 टक्क्यांनी अधिक निघाला. तात्पर्य, तांदूळ तपासला, गाजर तपासले. तपासावयाचा राहिला तो फक्त तुमचा घास. पुढे देशभरचे दावे 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले. मुलांस स्वमग्नता व अतिचंचलता जडली ती या धातूंमुळे, असे वादींचे म्हणणे. धातू मुळात जमिनीतलेच आहेत आणि कार्यकारणसंबंध शाबीत झालेला नाही, असे प्रतिवादींचे.

जमिनीचा दाखला खोटा नव्हे. भात खाचरात पाण्यात उभे असते. पाण्याखालच्या मातीस प्राणवायू मिळेनासा झाला की तिच्यात बांधलेला सोमल सुटा होतो, आणि मुळे सिलिकॉन ज्या वाटेने घेतात त्याच वाटेने त्यालाही आत घेतात. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातातून त्यातला बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो, तेव्हा भात वेळण्याची आपली कोकणी चाल मोठी शास्त्रशुद्ध ठरली; फक्त ते वेळलेले पाणी, म्हणजे पेज, तूप घालून पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या तोंडास लावले गेले, तो पक्षकार तुमच्यापैकीच होता. आजीवर समन्स निघत नाही, हे तिचे भाग्य.

इथे ब्रिटनमध्ये कायदाच नाही, असे मात्र समजू नका. बालकांच्या अन्नासाठी वापरावयाच्या तांदळात किलोमागे 0.10 मिलिग्रॅमहून अधिक असेंद्रिय सोमल नसावा, अशी मर्यादा 1 जानेवारी 2016 पासून युरोपीय संघाने घातली, तेव्हा हा देशही त्यात सामील होता. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातल्या मालाची तपासणी प्रसिद्ध केली, तीत बालकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तांदळाच्या पदार्थांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मर्यादेबाहेर निघाले. पाच वर्षांखालील मुलांस दुधाऐवजी तांदळाचे पेय देऊ नये, असा इशारा इथली आरोग्यसेवा देतेच. मर्यादा आहे, इशारा आहे, अंमलबजावणीस विंडसर व मेडनहेडचे शाही बरो आहे; नाही तो एक आकडा. साखर किती आणि मीठ किती, हे वेष्टन वाचून कळते. शिसे किती, हे कळण्यास वादी व्हावे लागते.

आणि वादी होणे सोपे नाही. शिसे अपायकारक आहे, एवढे म्हणून भागत नाही. ते जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, आणि शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असेही सांगते. तुम्हांस शाबीत करावे लागेल ते असे की, अमक्या कंपनीच्या अमक्या घाण्यातील पाऊचमधल्या शिशाने, जुन्या घराच्या रंगातल्या नव्हे, शिशाच्या नळातल्या नव्हे, मावशीने हौसेने घातलेल्या सुरम्यातल्या नव्हे, तुमच्याच मेंदूस अमुक अपाय केला. तेव्हा प्रत्येक रिकामे पाऊच न धुता, तारीख दिसेल अशा बेताने जपून ठेवा, आणि जावळ निघेल तेव्हा केस टाकू देऊ नका. टेक्सासमधील एका कुटुंबाच्या दाव्यात 2023 मध्ये न्यायाधीशांनी पुरावा अपुरा ठरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात वाद पेटला तो सोमलाचा नव्हे, दावा राज्याच्या न्यायालयात चालावयाचा की संघराज्याच्या, याचा. आणि 2025 मध्ये तो थेट सर्वोच्च न्यायालयापुढे जाऊन उभा राहिला.

आपल्या मुंबईचाही अनुभव काही निराळा नाही. 2015 साली शिशाच्या कारणावरून मॅगीवर देशभर बंदी आली, ती मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट रोजी रद्द केली. कारण कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या. फेरतपासणीत नमुने मर्यादेच्या आत निघाले, आणि सरकारने मागितलेली सुमारे 640 कोटींची भरपाई राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2024 मध्ये फेटाळली. न्याय झाला नाही, असे मी म्हणत नाही. मोजमाप विश्वासू हातांनी आणि खाण्यापूर्वी झाले असते तर न्यायाधीशांस शेवयांचा हिशेब घेऊन बसावे लागले नसते, एवढेच.

आता मुदतीचा कायदा नीट ऐका, कारण त्यात तुमचे विशेष कौतुक केलेले आहे. या देशाचा 1987 चा ग्राहक संरक्षण कायदा उदार आहे: निष्काळजीपणा शाबीत करण्याची गरज नाही, माल सदोष होता आणि त्यानेच अपाय झाला, हे दाखविणे पुरे. अज्ञान वादीची तीन वर्षांची मुदत तो सज्ञान झाल्यावर, म्हणजे अठराव्या वर्षापासून, मोजू लागतात. परंतु याच कायद्याखालचा हक्क उत्पादकाने माल बाजारात आणल्यापासून दहा वर्षांनी समूळ नष्ट होतो, आणि त्याला अज्ञानपणाची सबब चालत नाही. अठराव्या वर्षी उघडावयाचे दार दहाव्या वर्षीच विटांनी बुजविलेले असते. तत्पूर्वी आईबापांनी तुमच्या वतीने दावा लावला तर ठीक. नाही तर निष्काळजीपणा शाबीत करण्याची जुनी, खडतर वाट आहेच.

विटांवरून आठवले. याच गावात ब्रुनेल नावाच्या अभियंत्याने थेम्सवर आगगाडीचा विटांचा पूल बांधला, तेव्हा त्याच्या 128 फुटी दोन कमानी इतक्या चपट्या होत्या की, त्या कोसळणार असे जाणते लोकही म्हणत. रेल्वे कंपनीच्या संचालकांनी खालचे लाकडी आधार काढू दिले नाहीत, आणि वादळाने ते पाडले तरी पूल ढळला नाही, असे सांगतात. 1839 पासून त्यावरून गाड्या जात आहेत. मला कौतुक ब्रुनेलच्या हुशारीचे नाही, संचालकांच्या संशयाचे आहे. खात्री पटविण्याचा भार तेव्हा बांधणाऱ्यावर पडला. नदीत पडलेल्या उतारूंनी मागाहून दावे लावून कमान कच्ची होती हे शाबीत करावे, असे कोणी सुचविले नाही. चमच्याच्या बाबतीत आपण नेमके तेच सुचवीत आहोत. कॅलिफोर्नियाने मात्र 2024 पासून तयार बालान्नाची दरमहा तपासणी आणि 2025 पासून तिचे आकडे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे. तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली आहे, असे आता कोणास म्हणता यावयाचे नाही.

तोवर तांदळावरच भिस्त ठेवू नका. ओट, नाचणी, मूगडाळ आणि फळे यांची पाळी लावा, म्हणजे कोणत्याही एका धातूस तुमच्या पोटात कुळकायद्याचा हक्क लागणार नाही. आम्ही वडीलधारी माणसे बरोच्या दप्तरी आणि संसदेतील प्रतिनिधीकडे तुमच्या वतीने एकच अर्ज गुदरतो: तपासणी घासाची व्हावी, आणि आकडा वेष्टनावर यावा. त्यात आमच्याकडून दिरंगाई झाल्यास रात्री दोन वाजता आपल्या पद्धतीने स्मरणपत्र देण्यास तुम्ही मुखत्यार आहात. त्यास कोर्ट-फी लागत नाही, आणि ते न वाचता दप्तरदाखल करण्याची सोय अद्याप कोणत्याही घरात झालेली नाही.

तुमचा,
एक आजोबा