वळणावर एकेरी

शनिवारी पुण्याचा मोटारसायकल ताफा आंबा घाट उतरून रत्नागिरीत येतो. पुढे म्होरक्या, मागे राखणदार, मधे तिरपी रांग. समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर, वळणावर एकेरी. नियम शहाण्याचे, वादच नाही. पण आरे-वारेचा समुद्र दिसला की म्होरक्या सेल्फीत, राखणदार सोलकढीच्या शोधात आणि दोन सेकंदांचे उरतात दोन हात. नेमकी तेव्हाच वळणावरून एसटी येते. (तिचा चालक कुठल्याच क्लबात नाही, तरी हॉर्न वाजवतो.) खरी शिस्त लावली ती मुंबई-गोवा महामार्गाने. २०११ पासूनच्या त्याच्या चौपदरीकरणात ‘पर्यायी मार्ग’ची पाटी दिसली, की भलेभले न सांगता एकेरी!