अर्ध्या कोयत्याची तक्रार

दिवाळी झाली की पाटण तालुक्यात ऊसतोडीच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या नवरा-बायकोची मुकादमाच्या वहीत नोंद एकच असते: एक कोयता. उचल कोयत्याला, हिशेबही कोयत्याचा, अंगठा बहुधा नवऱ्याचा. म्हणजे हिशेबाने बाई अर्धा कोयता. मार पडला तर या अर्ध्याने उरलेल्या अर्ध्याविरुद्ध तक्रार करावी, अशी शासनाची अपेक्षा आहे, आणि त्याची सोयही चोख आहे. २०१५ पासून देशभर ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे. दवाखान्याची मदत, पोलीस, वकील, समुपदेशन, पाच दिवसांपर्यंत निवारा, सगळे एका छताखाली. छत तेवढे जिल्ह्याच्या गावी. पाटणहून सातारा साठेक किलोमीटर, आणि शिवसागर जलाशयापलीकडच्या वाडीवरून निघालात तर आधी लाँच, मग एसटी, मग सखी. कुणाच्या दारी न जाणारी अशी सखी आमच्या ओव्यांत तरी सापडत नाही.

खरे तर योजनेच्या मनात एक आदर्श पीडिता वसलेली आहे. तिला लिहिता-वाचता येते, आधारवर इथलाच पत्ता आहे, पोरे सांभाळायला शेजारीण आहे आणि नवरा तिला कार्यालयीन वेळेत मारतो. या साच्यात न बसणाऱ्यांसाठी कायद्याने कागदावर जागा केली नाही असे नाही. मूकबधिर बाईवर बलात्कार झाला तर पोलिसांनी तिच्या घरी जाऊन, दुभाषी घेऊन, चित्रीकरणासह जबाब नोंदवावा, ही तरतूद २०१३ पासून आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषी पाटणला कुठून आणायचा, हे कलमात नाही. तृतीयपंथीयांचा तर दरच वेगळा. बाईवरील बलात्काराला किमान दहा वर्षे, तृतीयपंथीयावरील लैंगिक अत्याचाराला २०१९च्या कायद्यानुसार सहा महिने ते दोन वर्षे. त्यातच ज्याखाली अशा अत्याचाराचा गुन्हा नोंदवता येई, त्या जुन्या ३७७ कलमाची जागाही १ जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरली नाही. बाजार समितीतसुद्धा एकाच मालाच्या भावात इतकी तफावत निघाली तर शेतकरी लिलाव बंद पाडतात.

यावर साहेबांचे उत्तर ठरलेले असते: तक्रारीच येत नाहीत हो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात शंभरात चौदा. तेव्हा कोरे रजिस्टर हा शांततेचा पुरावा नव्हे. दुसरे उत्तर हेल्पलाइनचे: १८१ आहे, ११२ आहे. आहेत खरे. पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो, कोयनेच्या खोऱ्यात रेंज डोंगर बघून येते, आणि लागलाच तर पलीकडून पत्ता विचारतात. उसाच्या फडाला ती काय पत्ता सांगणार? तिसरे उत्तर सगळ्यांत सोयीचे: हे लोक बीडचे, चार महिन्यांचे पाहुणे. बीडला विचारावे तर बाई साताऱ्यात! २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र या दोन्ही कचेऱ्यांपेक्षा शहाणा निघाला. बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. गाळपाचा हंगाम त्याहून मोठा असतो. मुकादमच छेडत असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने तालुक्याला समन्वय अधिकारी ठेवलाय. आलेली तक्रार त्याने सात दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे धाडायची. ती त्याच्यापर्यंत आणायची कुणी, याचे उत्तर पुन्हा अर्ध्या कोयत्यावरच येते. तिने कोपी सोडली तर कोयता मोडतो, आणि फिटायची राहिलेली उचल मात्र तशीच उभी राहते.

दुर्गम भागात पोहोचता येत नाही, हे कारण तर पाटणात कुणी देऊच नये. दौलतनगरच्या कारखान्याची वाहने फडाच्या बांधापर्यंत जातात. कुठल्या शिवारात कुणाच्या किती कोयत्यांची टोळी आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला तोंडपाठ असते. ऊस एक दिवस उशिरा आला तर उतारा घटतो, म्हणून ही यंत्रणा रात्रीही जागी असते. शेजारच्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका १९९६ पासून आपल्यातलीचे गाऱ्हाणे वस्तीतच ऐकतात, कारण ऐकणारी तिथेच राहते. तेवढे जमत नसेल तर येत्या हंगामात टोळ्यांच्या यादीची एक प्रत कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला द्या, त्याला आठवड्यातून एकदा कारखान्याच्या जीपमध्ये बसवा, आणि मुकादमाच्या वहीत बाईचे नाव वेगळ्या ओळीवर लिहायला लावा.