आधी माणूस, मग अल्बम

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या काकांचा संगीतात एकच नियम आहे. माणूस गेल्याशिवाय त्याचं ऐकायचं नाही. ऐकायचं तेही पहिलं-दुसरं नव्हे, एकदम शेवटचा अल्बम. "जित्या माणसाचा काय भरवसा? आज एक वाजवंल, उद्या दुसरंच. शेवटचा कसा, भांडण मिटल्यावर सातबारा हातात आल्यागत."

त्यात वेड विलायती ब्लूज-रॉकचं. ते कुणी लावलं, याचं उत्तर दर वेळी बदलतं. कधी त्यात एक गोवेकर गार्ड असतो, कधी मनमाडचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. काकूंच्या मते दोघंही खोटे.

आयर्लंडचा रोरी गॅलाहर हे काकांचं दैवत. फिरंग्याच्या गिटारचा रंग वापरून वापरून सोलला होता आणि त्यानं तो परत मारला नाही, एवढ्यावरच फिटर खूश. १९९० साली 'फ्रेश एव्हिडन्स' आला. पुतण्यानं मुंबईहून कॅसेट आणली, काकांनी वरचा कागदसुद्धा न काढता ती ट्रंकेत टाकली. जून १९९५ मध्ये सत्तेचाळिशीतला गॅलाहर लंडनमध्ये गेला. यकृत बदलूनही वाचला नाही. त्यापुढे त्याचा स्टुडिओतला अल्बम नव्हताच. बातमी कुर्डुवाडीला पोचली तशी काकांनी आंघोळ केली, कागद फाडला, ऐकलं आणि ढसाढसा रडले. काकू म्हणाल्या, "आधी ऐकलं असतं तर बिचाऱ्याला एक कार्ड तरी टाकता आलं असतं."

काकांच्या लेखी सगळ्यात सभ्य माणूस जॉनी विंटर. जुलै २०१४ मध्ये झुरिकजवळच्या हॉटेलात गेला, सप्टेंबरात 'स्टेप बॅक' आला, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. "आधी माणूस, मग अल्बम. ह्याला म्हणायची शिस्त!" उलट स्टीव्ही रे वॉनवर राग. ऑगस्ट १९९० मध्ये तो हेलिकॉप्टर अपघातात गेला, महिनाभरात भावासोबतचा 'फॅमिली स्टाइल' निघाला. काकांनी तो शेवटचा म्हणून मनोभावे ऐकला. तर वर्षभरानं मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून आणखी एक निघाला. काका आठवडाभर जेवताना बोलले नाहीत.

हा स्वभाव संगीतापुरता नाही. उभी हयात बार्शी लाईटचे डबे दुरुस्त करण्यात गेली, पण अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीत हौसेनं बसले ते रुंदीकरणाआधीच्या शेवटच्या फेरीला. तेव्हापासून "काय गाडी होती!" हे वाक्य घरात रोज ऐकू येतं.

खरी पंचाईत केली ती ब्लूज वाजवणाऱ्या बडी गायनं. जन्म १९३६ चा. फेब्रुवारी २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सवासाठी तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन वाजवून गेला. पुतण्यानं तिकीट काढलं, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं आरक्षणही केलं. काका हलले नाहीत. "पंच्याहत्तरीला टेकलाय. आता किती दिवस? थांबू की."

म्हातारा काही थांबेना. अल्बमामागून अल्बम येत राहिले आणि प्रत्येक वेळी हाच शेवटचा म्हणून काका ट्रंक झटकत राहिले. २०२३ मध्ये त्यानं निरोपाचा दौरा काढला तेव्हा तर काकांनी ट्रंकेला नवं कुलूप आणलं. मधल्या काळात सोलापूरला जाऊन काकांनीच दोन स्टेंट बसवून घेतले. आणि २०२५ च्या जुलैत, ऐन एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, बडी गायनं 'एन्ट डन विथ द ब्लूज' बाहेर काढला. नाव वाचूनच काकांचा रक्तदाब चढला.

त्या रात्री काकूंना जाग आली, तर काका अंधारात कानाला हेडफोन लावून मान हलवत होते. सकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर ही बातमी त्यांच्या आधी पोचलेली. मी विचारलं, "काका, कसा आहे?"

काकांनी बशीतला चहा संपवला.

"बरा वाजवतो पोरगा," ते म्हणाले. "पुढचा बघू."