चादर एरिया

आमच्या साखर पेठेतल्या घराला रंग देऊन सात वर्षं झाली, तेव्हा पुण्याहून लेकीनं फोनवर फर्मान काढलं, "बाबा, या वेळी नुसता रंग नको, इंटेरिअर करा. आयडिया हव्या असतील तर सॅम्पल फ्लॅट बघून या. बघायला पैसे पडत नाहीत."

शेवटच्या वाक्यावर सोलापूरकर कुठंही जायला तयार होतो.

मे महिन्यातला रविवार ठरला. गाडी मेव्हण्याची. त्याचा चादरी-टॉवेलचा धंदा असल्यामुळे त्याच्या गाडीत गठ्ठ्यांचा मान माणसांच्या वर. "दाजी, तुमी पुढं बसा. आक्का मालाजवळ बसू दे." पुढच्या सीटवर एक जुनी चादर अंथरली होती. ती एके काळी हिरवी होती असं मेव्हणा सांगतो. हौस म्हणून नव्हे, पण पारा चव्वेचाळीसच्या घरात असताना सोलापुरात रेक्झिनच्या सीटवर नुसतं बसणं हे सीतामाईलाच जमलं असतं.

दुसऱ्यांची घरं बघण्याची हौस तशी जुनीच. लंडनला १९०८ मध्ये एका वर्तमानपत्रानं आदर्श घरांचं प्रदर्शन सुरू केलं. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये १९३७ साली वास्तुविशारदांच्या संस्थेनं तसंच प्रदर्शन मांडलं, आणि लोक सजवलेले दिवाणखाने बघायला लोटले. सोलापूरकरांना तिकडं जायची गरज नव्हती. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन इथंच होतं. आज तिथं महापालिका आहे. माझे आजोबा त्या महालासमोर सायकल थांबवून वरच्या नक्षीकडं बघत उभे राहायचे आणि घरी येऊन भिंतीला चुना मारायचे. प्रेरणा घेण्याची आमच्या घराण्यातली पद्धत ही अशी.

विजापूर रोडच्या बाजूला एका नव्या इमारतीच्या दारात गाडी थांबली तेव्हा हिला आठवलं, की टेप घरीच राहिला.

"टेप कशाला?" मेव्हणा म्हणाला आणि माझ्या खालची चादर ओढून त्यानं खांद्यावर टाकली. "साठ बाय नव्वद. पाच फूट बाय साडेसात. आटायची तेवढी आटून झाली, आता सूतभर हलत नाही." सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. असं मानांकन असलेली मोजपट्टी जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही.

सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना बूट काढून पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायला लावतात. देवळातही एवढं करत नाहीत. टाय लावलेला एक मुलगा पुढं आला. आत एसी इतका गार, की निम्मा फ्लॅट मला तिथंच पसंत पडला.

"सर, ही स्कँडिनेव्हियन थीम आहे."

भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, खाली मेंढीच्या कातड्यासारखा केसाळ गालिचा आणि भिंतीवर पेटत्या शेकोटीचं चित्र. मे महिन्यात. सोलापुरात. त्या उत्तरेकडच्या बिचाऱ्यांच्या घरी हिवाळाभर ऊन फिरकत नाही. आलेला एखादा कवडसा चार भिंतींवर खेळवावा म्हणून ते सगळं पांढरं करतात. आमच्या पूर्वजांनी ऊन घरात येऊच नये म्हणून हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद, बेताची खिडकी आणि खाली शहाबादी फरशी असा बंदोबस्त केला. दुपारी त्या फरशीवर उघड्या पाठीनं पडण्याला कुठली थीम म्हणतात, हे मी त्या मुलाला विचारणार होतो, पण तो पुढं गेला होता.

"कार्पेट एरिया सहाशे चाळीस, बिल्टअप—"

"कार्पेट राहू द्या," मेव्हणा म्हणाला, "चादर एरिया सांगा."

मुलानं रेराच्या कायद्यातली व्याख्या म्हणून दाखवली: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे ज्या भिंतीत आपल्याला कधीच बसता येणार नाही, तिचेही पैसे. तोवर मेव्हण्यानं बेडरूममध्ये चादर दोनदा अंथरून उचलली होती. "दहा बाय अकरा. तीन चादरींनाबी जरा कमीच."

मग त्यानं ती पलंगावर टाकली. एक टोक उशाशी धरलं. आमच्या घरच्या पलंगावर पायथ्याला ही चादर हातभरापेक्षा कमी लोंबते. इथं ती थेट जमिनीला टेकली.

"चादर वाढली की काय?" मी विचारलं.

"सुती चादर आटती दाजी, वाढत नाही. पलंग आटलाय."

खात्री करायला मी आडवा झालो. गुडघ्यापासून खालचा भाग सरळ बाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावे हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण पाय पाहून अंथरूण कापणारा सुतार आज पहिल्यांदा भेटला. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड, सोफा अरुंद, कपाट उथळ. त्यात सदरा आडवा टांगावा लागेल. शिवाय फ्लॅटभर एकाही खोलीला दार नव्हतं. दार उघडायला जागा लागते, तेवढी वाचवली होती. एका घरातली माणसं एकमेकांवर रुसली तर आपटायचं काय, याचा कुणी विचारच केलेला दिसला नाही.

हॉलमधल्या पुस्तकांना नुसत्याच पाठी होत्या, आत पुठ्ठा. टीव्ही म्हणजे टीव्हीचा फोटो. सफरचंद उचललं तर सगळी टोपलीच उचलली गेली. ही मात्र गंभीरपणे फिरत होती. बाथरूममध्ये मुलानं छताकडं बोट केलं, "रेन शॉवर. अगदी पावसात भिजल्यासारखं वाटतं." जिथं पाऊससुद्धा पावसासारखा पडत नाही त्या गावात!

"पिंप कुठं ठेवायचं?" हिनं विचारलं.

मुलगा गोंधळला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवस जातात, आणि आलं की भांडी, घागरी, पिंपं, बादल्या, शेवटी ताकाचा गंजसुद्धा भरला जातो. इथल्या घराचा नकाशा पिंपाभोवती काढायचा असतो, बाकी भिंती मग.

"मॅडम, बोअर आहे. चोवीस तास पाणी."

"बोअरला विचारलास का मे महिन्यात?"

मला तोवर वेगळीच अडचण आली होती. मी त्या चकचकीत बाथरूमचा विचार करत होतो. भांड्यावर चिकटवलेली पाटी वाचली, 'केवळ पाहण्यासाठी'. मी पाहिलं आणि बाहेर आलो.

पुढं चालत जाऊन जुळे सोलापुरातला एक फ्लॅट बघितला. त्याची थीम 'बाली' होती. प्लॅस्टिकची केळीची झाडं आणि हसरा बुद्ध. त्याबद्दल एवढंच.

परतताना मेव्हण्याला कुंभारीला एका आक्काकडं टॉवेलचा गठ्ठा पोचवायचा होता. गाडीत बसलो आणि तसाच उठलो. सीट तव्यासारखी तापली होती. चादर पहिल्या फ्लॅटमध्येच राहिली होती. मी कुंभारीपर्यंत एकदा उजव्या आणि एकदा डाव्या अंगावर असा आलटून-पालटून बसत गेलो, भाकरी शेकतात तसा.

कुंभारीला रे नगर आहे. विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांची वसाहत, एकूण तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याआधी विडी कामगारांचे नेते आडम मास्तर यांच्याच पुढाकारानं गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथं उभी राहिली. रे नगरातलं घर साधारण तीनशे चौरस फुटांचं. मेव्हण्यानं जिन्यातच हिशेब केला, "बरोब्बर आठ चादरी."

आक्का सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कातरत बसल्या होत्या. आम्ही फ्लॅट बघत फिरतोय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "तिकीट किती?" फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग म्हणाल्या, "आमचंबी बघा की मग," आणि हातातली कातर न ठेवता जागेवरनंच घर दाखवलं. "हे हॉल. दुपारी कारखाना. रात्री धाकट्याचं बेडरूम. पाहुणं आलं की परत हॉल." भिंतीवरच्या मांडणीत स्टीलचे डबे उतरत्या क्रमानं, सगळ्यात शेवटी हळद-कुंकवाएवढा. मोरीजवळ निळं पिंप, त्यावर विणलेला रुमाल, त्यावर तिरुपतीच्या बालाजीचा फोटो. हिनं फोन काढून त्या पिंपाचे चार फोटो घेतले. बाली आणि स्कँडिनेव्हिया मिळून तिनं एकच घेतला होता, तोही स्वतःचा.

मी दबक्या आवाजात एक चौकशी केली. आक्कांनी कातरीनंच दिशा दाखवली. दाराला कडी होती, पाटी नव्हती. त्या दिवसात बघितलेल्या सगळ्या खोल्यांत एवढं मन लावून मी दुसरीकडं कुठं थांबलो नाही.

पुढच्या रविवारी चादर आणायला गेलो. पायात पुन्हा निळ्या पिशव्या. बेडरूममध्ये पाऊल टाकलं तर ती समोरच होती. तिला तीन घड्या घालून पलंगाच्या पायथ्याशी तिरपं टाकलं होतं, वर पितळेचा तांब्या, शेजारी छापील पाटी: 'हेरिटेज थ्रो'. पुण्याहून आलेलं एक जोडपं तिच्यावरून हात फिरवत होतं.

"केवढी ऑथेंटिक फेडेड शेड आहे!" बाई म्हणाल्या.

टायवाला मुलगा माझ्याकडं बघेना. "सर, ती आता फर्निचर पॅकेजमध्ये धरलीय."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेव्हण्यानं खिशातून कार्ड काढून त्या बाईंच्या हातात ठेवलंसुद्धा. "आपलाच माल आहे. नवा, हिरवागार, पाहिजे तेवढ्या देतो."

"नवी नको," बाई म्हणाल्या. "अशीच हवी. अशाच चार."

मेव्हण्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. "देतो की. एक महिना लागंल. हातानं करावं लागतं ते काम."

हातानं नव्हे. सध्या गाडीच्या पुढच्या सीटवर एकावर एक चार हिरव्या चादरी आहेत, आणि मी रोज अकरा ते एक, काचा वर करून, त्यांवर बसलेला असतो. लेकीचा फोन येतो, "बाबा, इंटेरिअरचं काम कुठवर आलं?" सगळ्यात वरचीचा रंग कडेनं उतरायला लागलाय, असं मेव्हणा म्हणतो. उद्या तो ती खाली घालून दुसरी वर घेणार आहे.